शेजारच्या सीटचा पट्टा

बसा रे पोरांनो. शेवटचं विमान गेलं, आता सामान चढवायचं नाही. ऐकायचं तर गुपचूप ऐका, मध्येच फिदीफिदी नको. हे माझ्यासमोर घडलं नाही, पण ज्याच्यावर बेतलं त्याला मी चांगला ओळखतो. आणि पेटी विमानात मीच चढवली होती.

गेल्या डिसेंबरची अकरा तारीख, गुरुवार. आपल्या गेटबाहेर टॅक्सी लावायचा तो उंच माणूस त्या दिवशी पहाटे खोलीवर झोपेतच गेला. ज्यांचं विमान चुकायचं त्यांना तो डोंगराला वळसा घालून पलीकडच्या विमानतळावर सोडायचा. विमानाला चाळीस मिनिटं, याला आठ तास. आम्ही चिडवायचो, तर म्हणायचा, "मेलो तरी त्या डब्यात बसणार नाही. माझे पाय जमिनीवर बरे."

त्याचं घर पलीकडच्याच गावात. इथे खोलीवर सोबत धाकटा भाऊ. पोरगा मनाचा चांगला, पण आधी करणार, मग विचार. दुपारी मावशीचा फोन आला, "आई दारात बसून आहे रे, लवकर आणा त्याला." झालं. यानं दादाला संध्याकाळच्या विमानात घालायचं ठरवलं. स्वतःच्या हातानं पांढरा शर्ट इस्त्री केला, दादाच्या अंगावर चढवला, त्याला पेटीत ठेवलं. विमानात याला मात्र जागा मिळाली नाही. म्हणाला, "काका, दादाची गाडी घेऊन मी निघतो."

काय म्हणालास? जड होती का पेटी? चार जण तयार होते. दोघांनीच उचलली... पुढचं ऐक.

आठला विमान उडालं, तेव्हाच हा निघाला. दिवसभर पोटात काही नाही. डोळे चुरचुरत होते, रडूही संपलं होतं. रात्री अकराला घाट लागला.

टुंग... टुंग... टुंग...

शेजारी बसलेल्यानं पट्टा लावला नाही की गाडी वाजते ना, तो आवाज.

शेजारची सीट रिकामी होती.

त्यानं सीट चाचपली. गार. उतरला, दार उघडून आपटलं. पुन्हा निघाला.

टुंग... टुंग...

इतका दमलेला माणूस धड घाबरतही नाही रे. तो ओरडला, "चुकलं माझं, दादा! आई वाट बघत होती, मी काय करू?"

टुंग...

मग त्यानं गाडी कडेला घेतली. पट्टा ओढला. रिकाम्या सीटवरून आणला. अडकवला.

गप्प.

पुढे पाच तास तो गाडी हाकत राहिला. फक्त वळणावर... पट्टा ताणला जायचा.

पहाटे चारला पोचला. पेटी अंगणात, तशीच बंद. रात्री दहापासून. आई म्हणाली होती, "धाकट्याला येऊ दे, मगच उघडा."

म्हणजे एवढी घाई केली ती...

झाकण काढलं. आईनं थोरल्याच्या छातीवर हात ठेवला. हात तिथेच थांबला.

"इस्त्री नीट केली नाहीस का रे?"

पांढऱ्या शर्टावर तिरपा वळ. तीन बोटं रुंद, दाबून बसलेला.

ड्रायव्हरचा पट्टा उजव्या खांद्यावरून येतो. जन्मभर त्याच्या अंगावर तसाच आला.

हा वळ डाव्या खांद्यावरून उतरला होता.