जित्या जोडीचा दगड

रिसोडच्या बसस्टँडवर पल्लवीची एसटी हुकली, अन् उन्हाला कंटाळून ती समोरच्या दुकानात शिरली. दुकान प्रसेनजितचं. दगडावर नावं, चेहरे कोरायचं.

"कोन वारलं?" त्यानं आवाज खाली आणून विचारलं. धंद्याची सवय.

पल्लवीच्या हातात तिच्या पीएच.डी.चं पाकीट होतं. "रोमन लोकं," ती म्हणाली. "दोन हजार वर्षं झाली."

"लई उशीर केला तुमी यायले."

ती हसली… आणि तिथंच फसली. रोमन माणसं मेलेल्यांना कसं पुरत, थडग्यावर काय कोरत, हा तिचा अभ्यास. पाकिटात एका थडग्याचा फोटो होता — नवरा-बायको, उजवा हात उजव्या हातात. विद्यापीठातल्या प्रदर्शनासाठी तशीच शिळा तिनं त्याला करायला सांगितली, पाकीट ठेवून गेली, आणि मग दगडातल्या बाईच्या लुगड्याच्या चुण्या तपासायला दर दोन दिवसांनी येऊ लागली. चुण्या पहिल्याच आठवड्यात झाल्या होत्या.

"दोघं संगंच वारले का?" त्यानं एकदा विचारलं.

"नाही. जिवंतपणीच करून ठेवायचे. जोडीनं."

"हौस म्हना."

एवढं बोलून त्याची नजर छन्नीवरून तिच्याकडे यायची, अन् परत छन्नीवर. पुढं काही नाही. शेवटी पल्लवीनं मुद्दाम सांगितलं, "रविवारी अकोल्याचा मुलगा येतोय मला पाहायला."

छन्नी थांबली. "चांगलं हाय," तो म्हणाला… आणि छन्नी चालू. ती चहा तसाच टाकून निघाली.

शनिवारी शिळा न्यायला ती आईला, म्हणजे बेबीताईंना, घेऊन ऑटोनं आली. बेबीताई ऑटोवाल्याशी भाड्यावरून भिडल्या, पल्लवी आत गेली, अन् उभीच राहिली. शिळेवरची रोमन बाई म्हणजे हुबेहूब पल्लवी. हनुवटीवरच्या तिळासकट.

"हे काय करून ठेवलं?"

"फोटोतली बाई झिजेल होती. आमी पाकिटात जो फोटो सापडते त्याचा चेहरा कोरतो. तुमचा पासपोर्ट फोटो होता."

"अरे, तो परीक्षेच्या अर्जाचा! सोमवारी सगळं विद्यापीठ माझं थडगं पाहील." मग तिचं लक्ष नवऱ्याकडे गेलं. चेहऱ्याजागी नुसता सपाट दगड. "अन् हा?"

"त्याचा फोटो नवता." तो छन्नी पुसत राहिला. पुसण्यासारखं त्यावर काही नव्हतं. "अकोल्याच्याचा… आनता का?"

"तुझा काहून नाही कोरला?"

"इचारल्याबिगर कसा कोरू?"

"विचार मग."

प्रसेनजितचे कान लाल झाले. "माह्या चेहऱ्याले मिशी हाय," तो कसाबसा म्हणाला. "रोमन मानसाले चालते का?"

"मला चालते," पल्लवी म्हणाली, आणि दगडातल्या बाईसारखाच उजवा हात पुढं केला.

त्यानं तो धरला. नेमक्या त्याच वेळी बेबीताई दारात. त्यांनी दगड पाहिला, हात पाहिले, खाली मान घातलेला पोरगा पाहिला, अन् पिशवीतून मोबाईल काढून अकोल्याला लावला.

"भाऊ, उद्या येऊ नका. पोरीचं जमलं… हो, जन्माचं. त्याच्याफुडचंबी यायनं दगडावर कोरून ठेवलं."