छाटलेली चाल

रचून सांगत नाही. हे खरंच घडलंय, कमलनगरात, तुरी काढणीच्या दिवसांत. एका रविवारी, दिवेलागणीला.

रूपालीचा भाऊ अमरदीप बीदरच्या रस्त्यावर अपघातात गेला, त्याला वर्ष होत आलं होतं. त्यानं आणि त्याच्या जिवलग दोस्तानं, वीरेशनं मिळून बुद्धिबळ खेळणारं इंजिन, म्हणजे कॉम्प्युटरचा प्रोग्रॅम, तयार केलं होतं. रूपालीनं दादाचा लॅपटॉप विश्वासानं वीरेशच्या हाती दिला. अट एकच. इंजिनावर दादाचं नाव राहू द्यायचं.

त्या संध्याकाळी ती वीरेशच्या दुकानावरच्या खोलीत त्या इंजिनाचा ऑनलाइन सामना बघायला गेली. स्क्रीनवर लिहिलं होतं... बनवणारा : वीरेश.

बस्स. एवढंच.

"दादाचं नाव कामून काढलाव, अण्णा?"

वीरेशनं नजर चुकवली. "आता त्याचं काय ऱ्हायलंय त्यात? त्यो सगळ्या चाली बघत बसायचा. मी छाटणी वाढवलो. तोट्याची दिसली की ती चाल बघायचीच न्हाई. बघ की, किती खोल जायलंय!"

खोल म्हणजे किती चाली पुढचं दिसतंय ते. आकडा बावीसवर होता. दादा यावरूनच भांडायचा. लई छाटलास तर बळी द्यायची चाल दिसणारच न्हाई, म्हणायचा.

रूपालीला वाटलं, यानं तर माणूसच छाटला!

तेवढ्यात लाईट गेली. पंखा थांबला. लॅपटॉप बॅटरीवर चालू राहिला, नेट मोबाईलचं होतं.

आणि त्या शांततेत...

टक. टक.

विचार करताना दादा मारलेलं प्यादं टेबलावर असंच आपटायचा.

वीरेशचे दोन्ही हात मांडीवर होते. टेबलावर प्यादं नव्हतंच.

आकडा घसरला... बावीसवरून चौदा.

"छाटणी बंद झाली," वीरेश खुर्ची मागं सरकवत म्हणाला. "मी हात लावलो न्हाई. बसवण्णाची शपथ!"

रूपालीला भरून आलं. दादा आला होता. आपलं नाव परत घ्यायला आला होता. ती नावाच्या ओळीकडे टक लावून बसली.

इंजिननं हत्ती फुकट देऊन टाकला. छाटणी असती तर ही चाल त्याला दिसलीच नसती. बघता बघता समोरच्याचा राजा कोंडला.

वीरेश जिंकला.

लाईट आली. टकटक थांबली होती. छाटणी आपोआप पहिल्यासारखी चालू. आणि नाव...

एकट्या वीरेशचंच.

"आल्ता गं त्यो," वीरेश रडायला लागला. "माझ्यासाठी आल्ता."

रूपाली चपला न घालताच खाली उतरली. वीरेशनं फसवलं, ते तिनं कसंबसं गिळलं असतं. पण दादानं?

आजही संध्याकाळी ती घरातला पंखा बंद करते. दादाचा पट मांडते. शेजारी एक प्यादं ठेवते आणि कान देऊन बसते.

काहीच वाजत नाही.

मग मोबाईलवर वीरेशचा मेसेज येतो.

"आजबी आल्ता."