दात बंद, कळण चालू

"चावावं लागणार नाही... असं काही आहे का?"

अक्षताला आधी काही कळलंच नाही. समोरचा उंच मुलगा दातावर दात घट्ट ठेवून बोलत होता. घाटकोपरच्या पंतनगरात तिची आई, सुगंधा, पोळीभाजी केंद्र चालवायची. ऑफिस सुटलं की संध्याकाळचा काउंटर अक्षताकडे. पोळ्या मागणारे ढीगभर येत. न चावायचं मागणारा हा पहिलाच!

"कुणावर रागावलायस का रे एवढा?"

"तारा बांधल्यात... जबड्याला. टर्फवर क्रिकेट खेळताना बॉल... बसला." त्यानं हनुवटीकडे बोट दाखवलं. "दीड महिना फक्त पातळ. मिल्कशेकचा वीट आलाय."

"आणि कामाचं काय?"

"क्लासमध्ये... फिजिक्स शिकवतो. सध्या रजा."

झालं! अक्षताला हसू आवरेना. बडबडीवर पोट असलेला माणूस, आणि नेमकं त्याचंच तोंड बंद. आतून आई ओरडली, "चेडवा, हसतंस कित्याक? तेका कळण दी!"

कळण म्हणजे कोकणातल्या घरांचं सूप म्हणा ना. कुळीथ खमंग भाजायचे, मऊ शिजवायचे, वरचं तपकिरी पाणी काढून घ्यायचं. त्यात आमसुलं, थोडं नारळाचं दूध आणि वरून लसणीची चरचरीत फोडणी. अक्षतानं ते गाळून स्टीलच्या पेल्यात दिलं. लहानपणापासून खाल्लेलं, त्यात नवल ते काय?

त्यानं दातांच्या फटीतून एक घोट ओढला आणि थबकला. डोळे मिटले, खांदे सैल पडले. रिक्षा भोंगे वाजवत होत्या, मागं रांग वाढत होती, आणि हा जणू देवळात उभा... अक्षताच्या हातातला चिमटा तसाच राहिला. आपल्या कळणात एवढं काय आहे, हे तिनं त्याच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा पाहिलं. अंगावर चक्क काटा आला तिच्या.

"काय आहे... हे?"

"कुळीथ. घोड्यांना घालतात ते."

"मग घोडे... नशीबवान आहेत."

मिहिर त्याचं नाव. मग तो रोज यायला लागला. आज टोमॅटोचं सार, उद्या मुगाचं कढण, परवा शेवग्याच्या शेंगा उकडून, गर काढून, गाळून. आत काय आहे ते त्यानं ओळखायचं, अशी पैज.

"दुधी?"

"चूक. नीट चव घे."

"तू अशी बघत असलीस की... चव कशी कळणार?"

अक्षता फोडणीकडे वळली; गाल तापले ते गॅसमुळे, असं तिनं स्वतःला बजावलं. एकदा त्यानं विचारलं, "तू कधी जेवतेस?"

"सगळं आवरलं की. उरलेलं, उभ्या उभ्या."

पेला खाली ठेवून तो तिच्याकडे नुसता बघत राहिला.

इकडे अक्षता मात्र रोज संध्याकाळी रस्त्याकडे डोळे लावून असायची. सांगायला लाज कसली, ती प्रेमात पडली होती, पार बुडाली होती. पण हा येतो कशासाठी? कळणासाठी की...? तारा निघाल्यावर कोण कशाला गाळलेलं पाणी प्यायला येतंय?

तारा निघाल्या. मिहिर आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही.

"आता तो कोंबडीवडे खात असतलो," आई म्हणाली.

"खाऊ दे ना! मला काय?" असं म्हणत अक्षतानं सारात दोनदा मीठ घातलं.

तिसऱ्या संध्याकाळी काउंटरसमोरून आवाज आला, "अक्षता!"

भरदार, मोकळा, खर्जातला आवाज. तिनं तो कधी ऐकलाच नव्हता. मिहिर उभा होता. बोटाला पट्टी, काखेत टॉवेलात गुंडाळलेला डबा.

"दोन दिवस कुठे होतास?" तिच्या तोंडून निघून गेलंच.

"स्वयंपाकघरात. दोनदा पार वाट लागली, आज जरा जमलंय. बस."

"कुठे?"

"खुर्चीत. बसून खायचं." त्यानं डबा उघडला. कळण! वाटी भरून तिच्या हातात दिली. "कुळीथ मीच भाजले. बोटही मीच भाजलं."

अक्षतानं घोट घेतला. आमसुलं भरमसाट, लसूण करपलेली, वर एक खडा कचकन दाताखाली आला. पण ते ऊन ऊन कळण घशाखाली उतरलं आणि तिला एकदम भरून आलं. घरासाठी, गिऱ्हाइकांसाठी ती वर्षानुवर्षं शिजवत आली होती. तिच्यासाठी म्हणून कुणी... अरे देवा, किती मोठी गोष्ट असते ही!

"कसं झालंय?"

"भयंकर," ती डोळे पुसत म्हणाली.

"माहितीये. पण ऐक ना..." मिहिर क्षणभर अडखळला. "मला तू आवडतेस, अक्षता. कळणासकट. आणि... कळणाशिवायही."

तेवढ्यात काउंटरवरून हाक आली, "ताई, सहा पोळ्या द्या हो!"

अक्षता उठली नाही. आईच कपाळाला हात लावत, हसत पुढं झाली. अक्षतानं खुर्चीत मांडी घातली आणि रिकामी वाटी मिहिरपुढं धरली.

"वाढ ना रे अजून."