चौथं चाक

गेटची कडी वाजली तेव्हा भिंगरी अंगणात गुडघे टेकून गाडीच्या चाकावर राखाडी फवारा मारत होती, आणि गेटात उभ्या असलेल्या माणसाच्या हातात एक पांढरा सदरा होता. म्हणजे, सकाळपर्यंत तरी तो पांढरा असावा.

"हा तुमचा रंग?" त्याने विचारलं.

तिने हातातल्या डब्याकडे पाहिलं, मग सदऱ्याकडे. डाव्या बाहीपासून खिशापर्यंत बारीक करडे ठिपके. वाऱ्याबरोबर फवाऱ्याने कुंपणापलीकडच्या दोरीपर्यंत मजल मारली होती.

"रंग नाही, प्राइमर," ती म्हणाली. "रंग अजून द्यायचाय."

"अच्छा... म्हणजे मला परत यावं लागणार."

तिला हसायचं नव्हतं, तरी हसू आलंच. "सॉरी हं. खरंच. द्या इकडे, थिनरने पुसून देते."

"नको, बाही गळून पडेल."

तेवढ्यात खिडकीतून बाबांचा आवाज आला. "अरे ब्रदर, तुम्ही! या, या! हिला सकाळीच सांगितलं होतं, वारा आहे, आज राहू दे. पण भिंगरीला कसला धीर!"

तेव्हा तिला कळलं की हाच तो. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर बाबा ज्याचं दिवसरात्र कौतुक करत होते, तो हॉस्पिटलमधला ब्रदर, म्हणजे पुरुष नर्स. पंधरा दिवसांपूर्वी शेजारच्यांच्या वरच्या खोलीत राहायला आलेला. तिने हात पुसले आणि म्हणाली, "बसा ना, ब्रदर—"

"तुम्ही नका म्हणू हां तसं."

"का? अख्खं हॉस्पिटल म्हणतं."

"म्हणू दे की हॉस्पिटलला," तो सदऱ्याची घडी घालत म्हणाला. घडी काही नीट बसेना. त्याचे कान मात्र लाल झाले होते.

ती गाडी बाबांची. बावीस वर्षं त्यांनी तिच्यावर लोकांना गाडी चालवायला शिकवलं होतं, आणि प्रत्येक शिकाऊने फुटपाथच्या कडेला रिम घासून आपली आठवण ठेवली होती. आता गाडी भिंगरीला मिळाली होती. एक तारखेला तिला अडीचशे किलोमीटरवरच्या शहरात कामावर रुजू व्हायचं होतं. नदीकाठच्या गावांतून फिरायचं, पाण्याचे नमुने घ्यायचे, तपासायचे. अशाच कामासाठी तिने तीन वर्षं अर्ज केले होते. आणि पत्र हातात पडल्या दिवसापासून तिचा पाय एका जागी ठरत नव्हता. कपाट आवरायला घ्यायची, अर्ध्यावर सोडायची. पुस्तकाची तीच ओळ चार वेळा वाचायची. जायची घाई होती, आणि धास्तीही होती. शेवटी ती चाकांच्या मागे लागली. "ही ओरबाडलेली चाकं घेऊन मी नव्या गावात जाणार नाही," तिने जाहीर केलं. गॅरेजमध्ये नाही टाकायची, घरीच, स्वतःच्या हाताने करायची. हातात अठरा दिवस होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी ड्यूटीवरून येताना तो गेटात थबकला. "वारा बघितला का आज?"

"बघितला. तुमच्या दोरीवर काही आहे का तेही बघितलं."

"काय होतं?"

"दोन मोजे. वेगवेगळे."

तो आत आला. टायरवर रंग उडू नये म्हणून ती चिकटपट्टी लावत होती आणि पट्टी तिच्याच बोटांना गुंडाळली जात होती. तो थोडा वेळ बघत राहिला, मग घरी जाऊन पत्त्यांचा जुना कॅट घेऊन आला. एकेक पत्ता त्याने रिम आणि टायरच्या फटीत खोचला. बघता बघता चाकाभोवती सूर्यफुलासारखी झालर उभी राहिली.

"कुठून शिकलात?"

"कुठूनच नाही. सुचलं." त्याने उरलेले पत्ते चाळले. "यातली एक राणी हरवलीय."

"शोधा मग."

"शोधतोच आहे," तो म्हणाला, आणि लगेच एवढ्या गंभीरपणे इस्पिकचा गुलाम खोचू लागला की भिंगरीला मान वळवून हसावं लागलं.

चाकाचं काम म्हणजे सगळा धीराचा मामला. आधी धुवायचं, ब्रेकची काळी भुकटी तारेच्या ब्रशने काढायची. मग पॉलिश पेपरने घासायचं, खड्ड्यांत लांबी, म्हणजे पुट्टी, भरायची, पुन्हा घासायचं. मग फवारा, तोही पातळ. एक थर दिला की पंधरा मिनिटं हात लावायचा नाही. भिंगरीची खरी परीक्षा त्या पंधरा मिनिटांत. पाचव्या मिनिटाला ती उठायची, सातव्याला वाकून वास घ्यायची, नवव्याला... बोट लावायची. ओल्या रंगावर ठसा उमटायचा, की पुन्हा पहिल्यापासून.

"तुम्ही खपली काढणाऱ्यांतल्या," तो म्हणाला. "आमच्याकडे अशा पेशंटचे हात बांधून ठेवतात."

"मग बांधा की."

हे तोंडून निसटलं. तो चाकाकडे बघत राहिला, ती डब्यावरच्या सूचना वाचत राहिली. सूचनांमधलं अक्षरही तिच्या डोक्यात शिरलं नाही.

त्या पंधरा-पंधरा मिनिटांतच सगळं घडलं. दोन थरांच्या मधे त्याने सांगितलं की तो आधी एका कचेरीत कारकून होता, वडील वर्षभर अंथरुणाला खिळले तेव्हा त्यांच्याजवळ बसता बसता त्याला हे काम सापडलं. "अर्धं काम नुसतं बसून राहण्याचंच असतं," तो म्हणाला. तिने सांगितलं की ती लहानपणी जेवताना ताटाभोवती फिरायची, म्हणून भिंगरी. कधी तो तिच्या गालावरची भुकटी दाखवायचा, ती नेमकी दुसरा गाल पुसायची, आणि तो म्हणायचा, "गेली," तरी भुकटी तिथेच असायची.

आठव्या दिवशी तीन चाकं झाली. गडद चंदेरी, वर लॅकरचा पारदर्शक थर, ऊन पडलं की डोळे दिपावेत अशी. राहिलं चौथं.

चौथ्याला काही ना काही होऊ लागलं. एकदा रंगाचा ओघळ आला. एकदा झाकायच्या आत पावसाची सर आली आणि रंगावर देवीचे व्रण उठावेत तसं झालं. बाबा खिडकीतून म्हणाले, "चार चाकांना इतके दिवस? एवढ्यात मी माणसाला घाट चढायला शिकवायचो." भिंगरीने पुन्हा पॉलिश पेपर उचलला. सकाळी उठली की आधी तारीख बघायची, मग गेट.

निघायला चार दिवस उरले होते. तो दुपारी आला आणि चाकासमोर उकिडवा बसला. चाक घासलेलं होतं, थेट आतल्या धातूपर्यंत. त्याने त्यावरून अंगठा फिरवला.

"हे काल चांगलं होतं," तो म्हणाला.

"नव्हतं."

"शेवटचा लॅकर मी स्वतः पाहिला. तोंड दिसत होतं त्यात."

"त्यात... एक केस अडकला होता."

"कुठे?"

"आता कसा दाखवू? घासला ना!"

तो वर बघेना. "तीन चाकांवर गाडी जात नाही, म्हणून का?" त्याने अगदी हळू विचारलं.

तिची कानशिलं तापली. पकडल्याचा राग, त्याच्या शांतपणाचा राग, उरलेल्या चार दिवसांचा राग, सगळा एकदम उसळला. "कळतंय ना तुला? मग म्हण ना थांब! एकदा तरी म्हण!"

ती पहिल्यांदाच त्याला 'तू' म्हणाली होती. त्याचा चेहरा क्षणभर पार उघडा पडला. तो म्हणेल असं तिला वाटलं... ओठ हललेसुद्धा. मग तो उठला.

"नाही म्हणणार."

"मग जा."

तो गेला. जाताना गेटची कडीही त्याने नीट लावली. त्याचा तिला आणखी राग आला.

तीन दिवस तो आला नाही. वरच्या खोलीची खिडकी उघडी असायची, दोरीवर सदरे वाळायचे, बस. भिंगरीने चाक पुन्हा करायला घेतलं. या वेळी मधली पंधरा मिनिटं ती पायरीवर बसून राहिली. हात मांडीखाली दाबून, रडू गिळत. चाक सुरेख झालं. तिला त्याच्याकडे बघवेना.

संध्याकाळी बाबा काठी टेकत तिच्याशेजारी येऊन बसले. "भांडलीस?"

"मी नाही. तो थांब म्हणाला नाही."

"आणि म्हणाला असता तर?"

"थांबले असते."

"मग?"

ती पायरीवरची भुकटी झटकू लागली. मग दोन महिन्यांत याच अंगणात येरझाऱ्या घातल्या असत्या. त्याला, बाबांना, स्वतःला, सगळ्यांना बोल लावला असता. हे तिला माहीत होतं. चिडायचं कारण तेच होतं.

बाबा म्हणाले, "शिकवायच्या गाडीत माझ्याही पायाखाली एक ब्रेक होता. वाटेल तेव्हा दाबता यायचा. मोह व्हायचा गं. पण समोरचा नीट चालवत असला की पाय आवरून बसायचं. सोपं नसतं ते." एवढं बोलून ते चाक बघायला उठले.

निघायच्या सकाळी सामान भरून झालं. बाबांच्या पाया पडून, मिठी मारून ती डोळे पुसत गाडीशी आली, तर गेटात तो. इस्त्रीचा शर्ट, हातात चाकाचा पाना.

"नट आवळले?"

"काल संध्याकाळी."

"चाक काढून बसवलं की पन्नास किलोमीटरनंतर नट पुन्हा आवळून बघायचे असतात. नवा रंग दबतो, ढिले पडू शकतात."

"कुणी सांगितलं?"

"बाबांनी."

तिने खिडकीकडे पाहिलं. खिडकी रिकामी होती.

"मला आवळता येतात," ती म्हणाली.

"येतात. पण पन्नासाव्याला थांबशील का तू?" तो दार उघडून शेजारी बसला. "माझी आज सुट्टी आहे. परत बसने येईन."

गाव मागे पडलं. दोघांनी खिडक्या उघडल्या. दहा झाले, वीस झाले. तिला एकदा वाटलं, भरधाव सोडावी. एकदा वाटलं, बैलगाडीसारखी चालवावी. तो गुडघ्यावर पाना ठेवून आकड्यांकडे बघत होता. अठ्ठेचाळीस... एकोणपन्नास... पन्नासाव्याला बसथांबा होता, मागे पेट्रोल पंप. तिने गाडी बाजूला घेतली.

"आण तो पाना," ती म्हणाली. एकेक चाकाशी बसून तिने एकेक नट तपासला. पहिली तीन चाकं घट्ट. चौथ्याचा एक नट पाव फेरा फिरला.

"बघ," तो म्हणाला.

ती उठून उभी राहिली. "मला जायचंय," ती म्हणाली. "आणि मला तू हवा आहेस. दोन्ही. कसं जमवायचं ते मला नाही माहीत, पण दोन्ही."

त्याने श्वास सोडला. कितीतरी दिवस कोंडून ठेवलेला असावा असा. "त्या दिवशी थांब म्हणालो असतो ना, तर आयुष्यभर मला धाकधूक, की तू का थांबलीस. आज तू निघालीयस. आज म्हणू शकतो." त्याने तिच्या हातातला पाना काढून घेतला. "मला तू फार आवडतेस, भिंगरी. सदरा खराब केलास तेव्हापासून. दर गुरुवारी माझी सुट्टी असते. येऊ?"

"मी गुरुवारी कुठल्या गावात असेन, मलाच माहीत नसेल."

"कळव. शोधत येईन."

बस आली, थांबली, गेली. त्यांनी पाहिलीसुद्धा नाही. दुसरी तासाभराने आली, तिलाही त्याने हातानेच पुढे जा म्हटलं. दोघं पंपाच्या कठड्यावर बसले होते, आणि कितीतरी वेळ तिला उठावंसं वाटलं नव्हतं.

तिसऱ्या बसला मात्र तो चढायला निघाला, तेव्हा तिने त्याचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि त्याच्या ओठांवर ओठ टेकवले. क्षणभरच. कंडक्टर ओरडत होता.

बस सुटल्यावर त्याने खिडकीतून वाकून हात हलवला. त्याच्या दोन्ही गालांवर नटांच्या ग्रीसची दहा बोटं काळीकुळकुळीत उमटली होती. शेजारच्या बाई वळून बघत होत्या. त्याला काहीच पत्ता नव्हता, तो आपला हसत होता.

भिंगरीने सांगितलं नाही. हसत हसत ती गाडीत बसली आणि पुढच्या दोनशे किलोमीटरांना लागली.