चिकूवरचा डबा

त्या दुपारी खोलीत काहीच वाजलं नव्हतं, तरी लॅपटॉपच्या पडद्यावर लाट उठली.

एवढंच झालं होतं. ज्याला यातलं काही कळत नाही, त्याला ती दिसलीही नसती. पण ती ओळखायला मला मॅडमनीच शिकवलं होतं. माणूस गाढ झोपलेला असतो, मेंदूच्या रेघा पडद्यावर संथ सरकत असतात. अशा वेळी जवळपास आवाज झाला की त्या रेघांतून एक मोठी लाट उसळते आणि खाली बसते. झोपलेल्याच्या नावाने हाक मारली, तर ती हटकून दिसते. माणूस जागा होत नाही. उठल्यावर त्याला काही आठवतही नाही. पण त्याने ऐकलेलं असतं.

मी इकडेतिकडे पाहिलं. पंखा बंद होता. स्वयंपाक करणारी मैनाबाई मागच्या पडवीत लवंडली होती. खिडकीबाहेर चिकूची वाडी उन्हात गप्प उभी होती. मॅडम खाटेवर, डोक्याला तारांची टोपी लावून, लहान मुलीसारख्या कुशीवर झोपलेल्या.

कुणीही हाक मारली नव्हती.

मला जरा घाम फुटला. पण माझं काय, कुकरची शिट्टी झाली तरी मी दचकते. मॅडम म्हणायच्या, उत्कर्षा, एकदा ही टोपी तुलाच घालायला हवी, पडद्यावर समुद्र येईल.

डॉक्टर प्रेमला म्हणजे आमच्या मॅडम. विसरत चाललेल्या माणसांच्या मेंदूवर त्यांनी सगळं आयुष्य घालवलं, थोडं मुंबईत, थोडं परदेशात. त्यांचा प्रश्न एकच होता. सगळं विसरलेल्या माणसाजवळ झोपेत काय उरतं? निवृत्त झाल्यावर त्या चिंचणीच्या अलीकडे, खाडीच्या अंगाला असलेल्या वडिलांच्या वाडीत राहायला आल्या आणि काम तिथूनच चालू ठेवलं. मी बोईसरची. माझे पप्पा रामकिसन कारखान्यात शिफ्टला जातात. पालघरला मानसशास्त्र शिकून मी मॅडमच्या हाताखाली लागले, तेव्हा आई म्हणाली होती, घाबरट मुलीला बरं काम मिळालं, झोपलेल्या माणसांकडे बघत बसायचं.

ते दिवस आजही आठवतात. मॅडमच्या जुन्या गाडीत मागे टोपीची पेटी, पुढे डब्यात मैनाबाईची भाकरी, आणि आम्ही गावोगाव म्हाताऱ्यांच्या दुपारच्या झोपा गोळा करत फिरायचो. मुरबे गावाला एकदा एक आजोबा हरवले. सगळं गाव “अण्णा, अण्णा” करत किनाऱ्यावर धावत होतं. मॅडमनी त्यांच्या म्हाताऱ्या बहिणीला विचारलं, लहानपणी घरात काय म्हणायचे यांना? मग त्या वाळूत उभ्या राहिल्या आणि मोठ्याने ओरडल्या, “बारक्या!” उपड्या होडीखालून लगेच ओ आली.

परत येताना मला म्हणाल्या, “हरवलेल्याला आजच्या नावाने हाक मारू नये. तो ज्या वयात गेला असेल, त्या वयाचं नाव शोधायचं.”

मग त्यांचीच पाळी आली. निरोगी मेंदूचा नमुना हवा म्हणून त्या दरवर्षी स्वतः मेंदूचे फोटो काढणाऱ्या मशीनमध्ये झोपायच्या. एका वर्षी दोन फिल्म त्यांनी खिडकीच्या काचेला लावल्या, एक जुनी, एक नवी. बराच वेळ बघत राहिल्या. मी चहा आणून ठेवला, तो गार झाला.

“बाबांचं डोकं मला कधी आतून बघायला मिळालं नाही,” त्या म्हणाल्या. “आता मिळालं.”

बाबा म्हणजे रामनाथ. रात्री वाघळं चिकू खायला येतात, म्हणून मोठ्या झाडावर पत्र्याचा डबा बांधायचे. त्याची दोरी झाडाशेजारी खांबांवर बांधलेल्या राखणीच्या उंच माळ्यावर, बाबांच्या हाताशी. दोरी ओढली की डबा खडखडायचा नि वाघळं उडायची. लहानपणी मॅडम बाबांच्या कुशीत त्याच माळ्यावर झोपायच्या. भीती वाटून जाग आली, की अंधारात विडीचा वास यायचा, डबा एकदा वाजायचा, आणि बाबा सांगायचे, “पमू, मी जागा हाय.” म्हातारपणी बाबा सगळं विसरले, बायकोचं नावसुद्धा. पण झोपेत त्यांचा हात दोरी ओढत राहिला. मॅडमचं सगळं संशोधन त्या हातापासून सुरू झालं होतं.

स्वतःला विसर पडू लागल्यावर त्यांनी मला दोन गोष्टी सांगितल्या. एक, माझ्या दुपारच्या झोपेची नोंद रोज घ्यायची. आणि दुसरी, काही झालं तरी मला या वाडीतून हलू द्यायचं नाही. त्यांचा मुलगा ललितदादा वडोदऱ्याला असतो. तो वाईट नाही. पण त्याने बजावलं होतं, आई एकदा जरी वाट चुकली, तरी मी तिला शहरातल्या संस्थेत ठेवणार. मी मॅडमना शब्द दिला होता.

तर ती लाट. दुसऱ्या दुपारीही उठली. तिसऱ्या दुपारी मी नीट पाहत बसले. एक लाट, मग बराच वेळ काही नाही, मग पुन्हा एक. कुणी हाक मारावी, वाट बघावी आणि परत हाक मारावी, तशी.

मॅडम उठल्यावर मी त्यांना दाखवलं. त्या दिवशी त्यांना मैनाबाई ओळखू आली नव्हती, पण रेघा त्या झरझर वाचत गेल्या. डोळे पूर्वीसारखे चमकले.

“कुणीतरी बोलावतंय,” त्या म्हणाल्या. आणि हसल्या. “उद्या पुन्हा घे.”

पुन्हा घेतली. लाट उठली, आणि या वेळी मॅडमचा उजवा हात चादरीवर हलला. मूठ वळली, अलगद काहीतरी ओढून सैल झाली. आणि वाडीच्या टोकाला, खाडीकडे, पत्रा वाजला.

खड्.. खडंग.

मी धावतच पडवीत गेले. मैनाबाईने एक डोळा उघडला.

“माकडं हायत ती,” ती म्हणाली. “एवडी शिकलीस नि डब्याला भितेस? लगीन जालं की सासू काय, भांडं आपटूनच पळवील तुला.”

तरी माझ्यासोबत आली. मोठं चिकूचं झाड वाडीच्या अगदी शेवटी होतं. डबा अजून होता, गंजून काळा, फांदी त्याच्याभोवती वाढून त्याला निम्मा गिळून बसलेली. तो हलणंच शक्य नव्हतं. माळ्याचे खांबही उरले नव्हते. दोरी कवाच सडून गेली, मैनाबाई म्हणाली. परतताना मात्र ती माझ्या पुढे झपझप चालत होती.

शनिवारी ललितदादा येणार होता. त्या दुपारी मॅडमना टोपी लावली, रेघा संथ झाल्या. उकाडा फार होता. मी भिंतीला टेकले... आणि माझा डोळा लागला.

जाग आली ती डबा वाजल्यामुळे. खिडकीत ऊन तांबूस झालं होतं. खाट रिकामी होती.

टोपी उशीवर पडली होती, तारा लॅपटॉपला तशाच जोडलेल्या. डोकं नसलेली टोपी नुसत्या वेड्यावाकड्या रेघा मारते, हे मी शंभरदा पाहिलंय. मी पडद्याकडे पाहिलं. रेघा संथ सरकत होत्या. गाढ, शांत झोप.

मी तो लॅपटॉप बंद केला नाही. हात लावायचीच हिंमत झाली नाही.

मैनाबाई रस्त्याकडे धावली, मी वाडीत. भरतीची वेळ होती. वाडीच्या कुंपणापलीकडे खाडीचं पाणी चिखलात चढताना चुळचुळ आवाज करतं, तो ऐकू येत होता. मॅडमना पोहता येत होतं की नाही, मला माहीत नव्हतं. आता ते त्यांना तरी आठवत असेल का...

“मॅडम!”

झाडांखाली अंधार लवकर होतो. पिकलेल्या चिकूचा गोड, आंबूस वास नाकात बसला होता.

“मॅडम... प्रेमला मॅडम...”

हातातला फोन थरथरला. ललितदादा. बोईसरला उतरला असणार. उचलला तर सांगावं लागेल, आणि सांगितलं तर मॅडम या वाडीतून गेल्या. नाही उचलला आणि त्या पाण्यात असल्या तर? फोन वाजून वाजून थांबला. मी तशीच पुढे गेले, मोठ्या झाडापर्यंत.

खाली ओल्या मातीत त्यांची पावलं होती. झाडाशेजारच्या मोकळ्या जागेपर्यंत आलेली. पुढे नव्हती. मागेही वळलेली नव्हती.

तेव्हा मला मुरब्याची वाळू आठवली. ज्या वयात गेला असेल, त्या वयाचं नाव.

आयुष्यात मी त्यांना कधी त्या नावाने हाक मारली नव्हती. मोठ्या माणसाला अशी हाक मारताना जीभ अडते.  मी डोळे मिटले.

“पमूऽऽ”

वाडीतली पानंसुद्धा थांबली. मग वास आला. विडीचा. वाडीत, आसपास, कुणीही विडी ओढत नाही.

“पमू... कुठे आहेस तू...”

फांदीत रुतलेला डबा हळूच, एकदाच वाजला. आणि वरून, जिथे एकेकाळी माळा होता आणि आता नुसतं आभाळ होतं तिथून, एका म्हाताऱ्या माणसाचा दबका आवाज आला.

“हळू गो बाय... आताच निजलीय.”