यूच्या पोटातलं मूळ

"अहो, खाली कोण? फांदी डोक्यात घ्यायची हौस आहे का?"

डेलिथने दचकून वर पाहिलं. चर्चच्या आवारातल्या हजारभर वर्षांच्या यू वृक्षावर दोराला लटकलेला एक तरुण हसत होता, आणि तिच्या केसांत हिरव्या काड्या पडत होत्या.

"हौस नाही, चहा आणलाय. नको असेल तर नेते परत."

तो सरसर उतरला. इओलो प्राइस — म्हाताऱ्या झाडाच्या जड फांद्या हलक्या करायला आलेला. कप घेताना बोटांना बोटं लागली... दोघांनीही कळलंच नाही असं दाखवलं.

मग तो यूच्या पोकळ खोडात शिरला. बाहेर आला तो चेहरा पाडूनच.

"आतलं मूळ कुणी कापलं? खोड पोकळ झालं की यू स्वतःच्या पोटातून मूळ खाली सोडतो, त्याच्याच आधाराने पुन्हा उभा राहतो. किती वर्षं जातात त्यात! गवत कापणाऱ्या त्या बेव्हनआजोबांचंच काम हे. पाद्रीबाईंना सांगतो, आजोबांना आवारात पाऊल ठेवू देऊ नका म्हणून."

डेलिथच्या पायाखालची जमीन सरकली. ईस्टरच्या साफसफाईत वाळकी वेल समजून ते मूळ तिनेच कापलं होतं! बोलावं... पण मग त्याच्या डोळ्यांतलं ते हसू? तिने मुकाट्याने कप उचलले आणि घर गाठलं. रात्रभर स्वतःचीच शिसारी येत होती.

सकाळी भुरभुर पावसात बेव्हनआजोबा इओलोसमोर टोपी हातात घेऊन उभे होते.

"कापलं असेन बाबा मीच. हल्ली आठवत नाही रे काही..."

डेलिथला ते ऐकवेना.

"आजोबा, तुम्ही नाही! मी कापलं. काल इथेच होते आणि तोंड शिवून बसले. मेल्याहून मेल्यासारखं झालंय मला."

"म्हणजे डोकं शाबूत आहे माझं!" आजोबांनी टोपी चढवली. डेलिथने त्यांचा हात धरला. तो त्यांनी सोडवून घेतला नाही, तेव्हा तिला रडूच फुटलं.

आजोबा गेले. इओलो तिच्याकडे वळला.

"काल का नाही बोललीस?"

"तुम्ही हसत होतात... ते जाऊ नये असं वाटलं."

त्याचे कान लाल झाले.

"मीही काल न विचारताच एका म्हाताऱ्या माणसावर आळ घेतला," तो हळूच म्हणाला. "लाज काही तुझ्या एकटीची नाही... मुळाचं वरचं टोक जिवंत आहे. पुन्हा जमिनीला टेकायला चाळीसेक वर्षं लागतील. दर वर्षी येऊन बघावं लागेल."

"तुम्ही याल?"

"चहा मिळाला तर."

तिची मान काही वर होईना. त्याने तिच्या केसांत अडकलेली कालची काडी अलगद काढली आणि खिशात ठेवली.