सहाव्या मिनिटाचा उंचवटा

"तीनशे मुलांनी ऐकायला सुरुवात केली. पहिल्याच मिनिटात एकशेवीस पळाली. राहिली एकशेऐंशी. मग सहाव्या मिनिटाला दोनशे सत्तर कशी झाली?"

इरावतीनं भिंतीवरच्या पडद्याकडे बोट दाखवलं. तिथं एक आलेख (आकड्यांचा चढउतार दाखवणारी रेघ) उजळला होता. रेघ आधी धाडकन खाली कोसळली होती आणि मध्येच तिला उंटासारखा उंचवटा आला होता.

"मला विचारू नकोस. मी फक्त मोजतो," टिप्या म्हणाला. टिप्या म्हणजे डोंगरवाणी रेडिओ केंद्राचा यंत्रमानव.

ते २०४१ साल होतं. शाळेला सुट्टी लागली की अकरा वर्षांची इरावती रोज टेकडी चढून केंद्रात येई, ती उल्हासआजोबांसाठी. त्यांचा 'असं का?' हा विज्ञानाचा कार्यक्रम चाळीस वर्षं सकाळी सातला रेडिओवर लागत होता. वर्षभरापासून त्याचा पॉडकास्टही (साठवून ठेवलेला, हवा तेव्हा ऐकता येणारा कार्यक्रम) निघत होता. पण आज आजोबा खुर्चीतून उठायलाच तयार नव्हते. केंद्रप्रमुख नसीमताईंनी सकाळीच सांगितलं होतं, "आजोबा, हल्लीच्या मुलांना धीर नाही. सोमवारपासून पॉडकास्ट बारा मिनिटांऐवजी दीड मिनिटाचा करू. अवघड भाग टिप्या कापून टाकेल."

"दीड मिनिट तर मला घसा साफ करायलाच लागतं," आजोबा पुटपुटले. "त्यापेक्षा बंदच करतो मी."

इरावतीनं पुन्हा आलेखाकडे पाहिलं. "आजोबा, ती नव्वद मुलं मधूनच आत शिरली असतील?"

"रेडिओवर शिरतात, बाळ. कुणी उशिरा रेडिओ लावतं, म्हणून तर मी विषय पुन्हा पुन्हा सांगतो. आणि रेडिओची लहर एकदा गेली की गेली. कोणी ऐकलं, कोणी नाही, हे सांगायला ती परत येत नाही. पॉडकास्टचं निराळं. तिथं बहुतेक जण पहिल्यापासूनच ऐकतात. कार्यक्रमाचा कुठला तुकडा किती वेळा वाजला, याची नोंद फोन आपल्याकडे पाठवतो. नाव नाही, गाव नाही, नुसती संख्या."

"किती वेळा?" इरावती थबकली. "किती जणांनी ऐकला, ते नाही?"

आजोबांनी चष्मा वर केला. "करून बघ की!"

तिनं आपल्या फोनवर सहावं मिनिट लावलं. पडद्यावरचा आकडा दोनशे एकाहत्तर झाला. ती दहा सेकंद मागं गेली. दोनशे बाहत्तर. पुन्हा मागं. दोनशे त्र्याहत्तर.

"टिप्या, आत्ता किती जण ऐकताहेत?"

"एकच. तू. आणि तुझं बोट काही स्वस्थ बसत नाही."

"म्हणजे नवीन मुलं आलीच नाहीत!" इरावती ओरडली. "तीच मुलं मागं जाऊन पुन्हा ऐकत होती! मीसुद्धा घरी चारदा ऐकलं. माझी टाळीच जुळत नव्हती!"

सहाव्या मिनिटात आजोबांनी काजव्यांचं कोडं सांगितलं होतं. अख्ख्या झाडावरचे काजवे कधीकधी एकदम लुकलुकतात. त्यांना कोणी हुकूम देत नाही. प्रत्येक काजवा शेजाऱ्याची चमक पाहतो आणि आपली पुढची चमक किंचित लवकर किंवा उशिरा करतो. असं थोडं थोडं करत सगळे जुळतात. हे कळावं म्हणून आजोबांनी दोन टाळ्या ऐकवल्या होत्या. एक जलद, एक संथ, आणि हळूहळू दोन्ही एक झालेल्या. ऐकणाऱ्यांनीही त्यांच्याशी आपली टाळी जुळवून पाहायची होती.

"हाच तर तो अवघड भाग," आजोबा हळूच म्हणाले. "जो कापायचा म्हणताहेत."

"मग सुरुवातीला पळाली ती का?" टिप्यानं विचारलं.

"लाव पहिलं मिनिट," इरावती म्हणाली.

आजोबांचाच आवाज घुमला, 'शुभ प्रभात! सकाळचे सात वाजून दोन मिनिटं झाली आहेत. आजचं कमाल तापमान...'

इरावतीला हसू आवरेना. "आजोबा, मी दुपारी चारला आंबा खात ऐकत होते, आणि तुम्ही मला शुभ प्रभात म्हणालात! तापमानही मागच्या मंगळवारचं!"

"चाळीस वर्षं लोकांनी माझ्या आवाजावर घड्याळं लावली," आजोबा जरा दुखावून म्हणाले. मग स्वतःच हसले. "खरं आहे तुझं. रेडिओवर सगळ्यांचे सात एकदमच वाजतात. पॉडकास्टमध्ये ज्याचे त्याचे वेगळे."

हसणं ऐकून नसीमताई आत आल्या. इरावतीनं त्यांना पहिलं मिनिट ऐकवलं, मग फोनवर तीनदा मागं जाऊन वाढणारा आकडा दाखवला. नसीमताईंनी पडद्यावरच्या उंचवट्यावरून बोट फिरवलं.

"मी फक्त पळालेली मुलं मोजली," त्या म्हणाल्या. "थांबलेली पाहिलीच नाहीत. चुकलं माझं. आजोबा, रेडिओवर वेळ, हवामान, सगळं सांगा. पॉडकास्टमधून तेवढं पहिलं मिनिट काढू. बाकीची अकरा मिनिटं तुमची. एक सेकंद कापायचा नाही."

आजोबा उठलेच. ध्वनिमुद्रणाच्या खोलीत जाऊन त्यांनी सवयीनं घड्याळाकडे पाहिलं आणि मुद्दाम पाठ फिरवली. लाल दिवा लागला.

"डोंगराएवढ्या झाडाच्या शेंड्यापर्यंत पाणी चढवणारा पंप कुठे असतो?" त्यांनी विचारलं, आणि ते थांबले. प्रश्न पुन्हा सांगितला नाही.

काचेपलीकडे इरावती विचार करू लागली. हा प्रश्न कोणी उद्या ऐकेल, कोणी दिवाळीच्या सुट्टीत. आणि आज पाळण्यात असलेलं एखादं बाळ मोठं झाल्यावर ऐकेल, न कळून भुवया आक्रसेल, आणि बोटानं हळूच दहा सेकंद मागं जाईल.